कूलंट टेम्परेचर सेन्सर: आधी तपासा, मग घरच्या घरी बदला

डिसेंबरातल्या एका सकाळी निफाडहून चुलतभावाचा फोन आला. "दादा, गाडी पहाटे सुरूच होत नाही. सेल मारून मारून बॅटरी उतरायला आली. ऊन वर आलं की मात्र लगेच सुरू होते." निफाडची थंडी म्हणजे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवायला लावणारी थंडी. पारा सहज एक आकडी होतो. गॅरेजमध्ये आधी प्लग बदलून झाले होते, मग फ्युएल पंपावर संशय आला होता. पैसे गेले आणि दुखणं तिथंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला मी त्याच्या अंगणात होतो. किल्ली फक्त ऑनपर्यंत फिरवली, इंजिन सुरू केलं नाही, आणि स्कॅनर जोडून दोन आकडे पाहिले. आत येणाऱ्या हवेचं तापमान ९ अंश, कूलंटचं तापमान ६२ अंश. रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीतलं पाणी ६२ अंशांवर असणं शक्यच नाही. सेन्सर खोटं सांगत होता, आणि त्याच्यावर विश्वास ठेवून ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, गार इंजिनाला गरम इंजिनापुरतंच पेट्रोल देत होता. चेक लाइट लागलीच नव्हती. ६२ हा आकडा ईसीएमला अशक्य वाटत नाही, मग तो तक्रार कशाला करेल?

इंजिनावर डझनभर सेन्सर असतात, पण स्वतः हात घालायला शिकायचं असेल तर सुरुवात ह्या सेन्सरपासून करावी असं माझं ठाम मत आहे. ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरच्या पाइपात गंजून बसलेला असतो, क्रँक सेन्सरसाठी बऱ्याच गाड्यांत खाली झोपावं लागतं. कूलंट टेम्परेचर सेन्सर बहुतेक गाड्यांत बोनेट उघडल्यावर वरच सापडतो आणि एका पान्यात निघतो. सर्वांत मोठी सोय म्हणजे खरा-खोटा घरातल्या गॅसवर पडताळून पाहता येतो.

तो काम कसं करतो

पितळी किंवा प्लॅस्टिकच्या अंगाचा, बोटाच्या पेराएवढा हा तुकडा. त्याचं टोक कूलंटमध्ये बुडालेलं असतं आणि आत थर्मिस्टर असतो. गार असताना त्याचा विद्युतरोध जास्त, तापत गेला की कमी. ईसीएम त्याच्याकडे ५ व्होल्टचा पुरवठा पाठवतो आणि सेन्सरवर किती व्होल्ट उरले ते पाहून तापमान ठरवतो. त्या एका आकड्यावर पेट्रोल किती सोडायचं, स्पार्क कधी द्यायचा, आयडलिंग किती ठेवायचं, रेडिएटरचा पंखा कधी लावायचा, इतकं सगळं ठरतं. डिझेल गाडीत ग्लो प्लग किती वेळ तापवायचे हेही त्यावरच.

पुढचे आकडे वहीत टिपून ठेवा. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत थोड्याफार फरकाने हेच येतात: २० अंशांना २.२ ते २.७ किलोओम, ४० अंशांना साधारण १.१ ते १.२ किलोओम, ६० अंशांना ६०० ओमच्या आसपास, ८० अंशांना ३०० ते ३५० ओम, आणि १०० अंशांना जवळपास १९० ओम. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा तक्ता असेल तर तोच खरा माना.

लक्षणं दोन तऱ्हांची

सेन्सर इंजिन आहे त्यापेक्षा गरम दाखवत असेल तर थंडीत सुरू व्हायला त्रास, सुरू झाली तरी पहिली दोन मिनिटं बंद पडणं, आणि दिवसा पंखा वारंवार लागणं. आहे त्यापेक्षा गार दाखवत असेल तर पेट्रोल जास्त जातं: अॅव्हरेज उतरतं, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी धरते, आयडलिंग चढं राहतं. तापमानाचा काटा नसलेल्या गाड्यांत डॅशबोर्डवर निळी लाइट असते. इंजिन पुरेसं तापल्यावरही ती विझली नाही तर शंका घ्या. कोकणात किंवा मुंबईत पहिल्या प्रकारचा बिघाड महिनोन् महिने लक्षातही येत नाही, कारण तिथे सकाळ फारशी गार नसतेच. तीच गाडी जानेवारीत नाशिकला नेली की रडते.

सर्किट तुटलं तर ईसीएमला वाटतं कूलंट उणे ४० अंशांवर आहे, आणि स्कॅनरवर पी०११८ हा बिघाडाचा कोड येतो. वायरी एकमेकींना चिकटल्या तर उलट, पी०११७. मधूनच संपर्क तुटत असेल तर पी०११९. बऱ्याच गाड्यांत ह्या कोडबरोबर पंखा सतत चालू राहतो, इंजिन तापू नये म्हणून ईसीएमने घेतलेली ती खबरदारी असते.

पी०१२८ हा कोड मात्र वेगळा. इंजिन वेळेत तापत नाही असं तो सांगतो, आणि बहुतेक वेळा दोष थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व, उघडा अडकल्याचा असतो. ह्या कोडवर सेन्सर विकत आणू नका.

विकत घेण्याआधीची तपासणी

पहिलं काम कूलंटची पातळी पाहणं. सेन्सरचं टोक कूलंटऐवजी हवेत लोंबत असेल तर नवा सेन्सरही चुकीचंच सांगेल. पातळी कमी असेल तर ते कुठे गेलं हे आधी शोधा.

मग पहाटेची तपासणी, जी मी निफाडला केली. गाडी रात्रभर उभी हवी. किल्ली ऑन, इंजिन बंद, आणि स्कॅनरवर कूलंट व आत येणाऱ्या हवेचं तापमान शेजारी शेजारी. दोन्हींत दोन-चार अंशांचा फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर काहीतरी बिनसलंय. ह्यासाठी ईएलएम३२७ जातीचा ब्लूटूथ अॅडॉप्टर आणि मोबाइलवर टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं अॅप पुरतं. स्टिअरिंगखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ १६ पिनांचा सॉकेट असतो, तिथे तो बसतो. आपल्याकडे चारचाकींना ओबीडी (गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून सांगायची यंत्रणा) -१ एप्रिल २०१० पासून आणि ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून बंधनकारक झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत अडचण येऊ नये. जुनी गाडी स्कॅनरशी बोलली नाही तर मल्टिमीटर आहेच.

तिसरी तपासणी वायरिंगची. सेन्सरचा कपलर (वायरींचा प्लग) काढा, किल्ली ऑन करा, स्कॅनरवर उणे ४० दिसायला हवं. आता कपलरच्या दोन पिनांमध्ये वायरचा छोटा तुकडा लावून त्या जोडा. आकडा एकदम वर, १२० च्या पुढे उडी मारायला हवा. दोन्ही झालं तर वायरिंग आणि ईसीएम ठीक, दोष सेन्सरमध्ये. आकडा हललाच नाही तर सेन्सर बदलून उपयोग नाही, वायर कुठेतरी तुटली आहे. ही युक्ती फक्त दोन वायरींच्या सेन्सरवर करा, तीन किंवा जास्त वायरी असतील तर नको. आणि कपलर काढलेला असताना किल्ली ऑन केली की पंखा अचानक फिरू लागतो. हात, मफलर, ओढणी, काहीही त्याच्या जवळ नको. हे मी गंभीरपणे सांगतोय. पंख्याचं पातं बोटाची गय करत नाही.

कपलरच्या आत टॉर्च मारूनही पाहा. एकदा एका गाडीत मी नवा सेन्सर बसवला आणि लक्षणं जशीच्या तशी राहिली. दोन तासांनी दिसलं की कपलरची एक पिन हिरवी पडली होती, तांब्याच्या जुन्या भांड्यावर कळंक चढतो तशी. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि बारीक ब्रश, एवढंच औषध होतं त्याला. तेव्हापासून कपलर पाहिल्याशिवाय मी दुकानात जात नाही.

सेन्सर आणणं

दुकानात गाडीचं मॉडेल आणि साल सांगून भागत नाही, एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक सेन्सर बदलतात. आरसीवरचा १७ अक्षरी चेसिस नंबर द्या, त्यावरून पार्ट नंबर निघतो. नवा हातात आला की आटे, टोकाची लांबी, पिनांची संख्या आणि कपलरचा आकार पाहून घ्या. सेन्सर साधारण काही शे रुपयांचा असतो. अगदी स्वस्त, बिननावाचा घेऊन दर हिवाळ्यात पुन्हा बोनेट उघडण्यापेक्षा मूळ कंपनीचा किंवा नावाजलेल्या उत्पादकाचा घ्या. सोबत नवं वॉशर किंवा ओ-रिंग आहे ना, हेही बघा.

बसवण्याआधी त्याची परीक्षा घ्या. स्वयंपाकाच्या वापरातून बाद झालेलं पातेलं किंवा पत्र्याचा डबा घ्या, त्यात पाणी भरा. सेन्सर वायरने असा टांगा की टोक पाण्यात बुडेल पण तळाला टेकणार नाही आणि पिना कोरड्या राहतील. शेजारी थर्मामीटर सोडा, मल्टिमीटरचे दोन्ही टोचे पिनांना लावा. गॅस बारीक ठेवा आणि पाणी ढवळत राहा. रोधाचा आकडा संथपणे, मध्ये न अडखळता उतरत गेला पाहिजे. पाणी उकळलं की १०० अंश झाले असं धरू नका. नाशिक-पुण्यासारख्या, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीच्या ठिकाणी पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. घरातल्या मुलांना हा प्रयोग जरूर दाखवा. तापमान आणि रोध ह्यांचं नातं डोळ्यांसमोर उतरताना पाहिलं की ते पाठ करावं लागत नाही.

गाडी गार होऊ द्या

ह्या कामातला सर्वांत मोठा धोका हा, आणि तो जीवघेणा ठरू शकतो: गरम इंजिनावर रेडिएटरची टोपी किंवा सेन्सर उघडणं. टोपी आत साधारण १ बार जादा दाब धरून ठेवते, त्यामुळे आतलं पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. टोपी उघडताच दाब जातो आणि ते त्याच क्षणी उकळून वाफेसकट तोंडावर येतं. चालवून आणलेली गाडी तीन-चार तास तरी उभी राहू द्या. मी हे काम नेहमी सकाळीच करतो. सुरुवात करण्याआधी रेडिएटरला जाणारा वरचा जाड होज पाइप हाताने दाबून पाहा. तो गार आणि मऊ लागला तरच पुढे जा.

लागणारं सामान: १९ नंबरची लांब गोटी (सॉकेट पाना) किंवा रिंग पाना (काही गाड्यांत नंबर वेगळा असतो), बॅटरीसाठी १० नंबरचा पाना, पातळ स्क्रूड्रायव्हर, खाली ठेवायला ट्रे, चिंध्या, हातमोजे, चष्मा आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जातीचं एक लिटर कूलंट.

जुना काढणं

किल्ली काढून बॅटरीचं मायनस टर्मिनल सोडा. काही गाड्यांत किल्ली बंद असतानाही पंखा फिरू शकतो, म्हणून हे करायचं.

सेन्सर शोधताना वरचा होज पाइप इंजिनाला जिथे मिळतो तिथून सुरुवात करा. थर्मोस्टॅटचं घर तिथेच असतं आणि सेन्सर बहुधा त्यावर किंवा त्याच्या शेजारी हेडवर (इंजिनाच्या वरच्या भागावर) असतो. एकच वायर असलेला, ब्लॉकवर खाली बसलेला दिसला तर तो ऑइल प्रेशरचा स्विच असू शकतो. त्याला हात लावू नका. काम सुरू करण्याआधी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढून ठेवा.

कपलरची कुलपी दाबून कपलरच ओढा, वायरी नाही. उष्णतेने हे प्लॅस्टिक बिस्किटासारखं ठिसूळ झालेलं असतं. घाई केली की कुलपी तुटते, आणि मग कपलर खड्ड्यांतून जाताना सैल होत राहतो. निघत नसेल तर पातळ स्क्रूड्रायव्हरने कुलपी हलकेच उचला.

आता रेडिएटरची टोपी (किंवा दाबाच्या टाकीची) हळूहळू उघडून उरलासुरला दाब सोडा आणि टोपी पुन्हा घट्ट लावा. वर हवा शिरायला वाट नसली की सेन्सर काढल्यावर कूलंट कमी सांडतं. ट्रे खाली ठेवा, नवा सेन्सर वॉशरसकट डाव्या हातात तयार ठेवा. गोटी पूर्ण बसली आहे ना ते पाहून डावीकडे फिरवा. जाम असेल तर गंज सैल करणारा स्प्रे मारून पंधरा-वीस मिनिटं थांबा, जोर लावून सेन्सर मोडू नका. मोडलेला तुकडा हेडमधून काढायला मग मशीनवालाच लागतो.

काही गाड्यांत आटे नसतात, यू आकाराची क्लिप आणि ओ-रिंग असते. क्लिप ओढली की सेन्सर सरळ वर येतो.

जुना निघाला की भोकाच्या कडेवर टॉर्च मारा. जुनं वॉशर तिथेच चिकटून राहिलेलं असतं, आणि त्यावर नवं बसलं की गळती ठरलेली. निफाडच्या सेन्सरचं वॉशर असंच चिकटून होतं, नखाने सुटलं. सेन्सर पुसून मल्टिमीटर लावला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, हवा २० अंशांवर आली होती. अडीच किलोओमच्या जागी आकडा होता ५१० ओम. पिनांच्या बुडाशी बारीक भेग होती, तिथून ओल आत झिरपली होती.

नवा बसवणं

हे काम बोटांनी करायचं, पान्याने नाही. नवा सेन्सर भोकात सरळ धरा आणि चिमटीत फिरवत तीन-चार फेरे आत जाऊ द्या. पहिल्याच फेऱ्याला अडला तर आटे आडवे चढतायत, बाहेर काढून पुन्हा धरा. घर अॅल्युमिनियमचं किंवा प्लॅस्टिकचं असतं. त्याचे आटे एकदा गेले की काही शे रुपयांच्या सेन्सरसाठी हजारांचं काम निघतं.

हाताने पूर्ण बसल्यावर पाना लावा. नेमका टॉर्क मॅन्युअलमध्ये मिळेल. अॅल्युमिनियमच्या घरात तो बहुधा १५ न्यूटन मीटरच्या आसपास असतो. म्हणजे वीतभराहून लहान, १५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला १० किलोचं वजन टांगल्याएवढा जोर. हा जोर हाताला वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो. प्लॅस्टिकच्या घरात त्याहूनही हलका हात. वॉशर असलेल्या सेन्सरला टेफलॉन टेप गुंडाळू नका. गळती थांबवणं वॉशरचं काम आहे, आणि टेपचे तुकडे सुटून कूलंटमध्ये फिरत राहतात. ओ-रिंगवाला असेल तर तिला थोडं कूलंट चोपडा, ग्रीस नको. साध्या ग्रीसने ते रबर फुगतं.

कपलर टक आवाज येईपर्यंत लावा, मायनस टर्मिनल जोडा.

हवा काढणं

नवखे लोक चुकतात ते इथे. सेन्सर बसला, कपलर लागला, आता झालं असं वाटतं. पण आत अडकलेला हवेचा बुडबुडा बरोबर सेन्सरपाशी बसला तर काटा वरखाली नाचतो, आणि बुडबुडा मोठा असेल तर इंजिन खरंच तापतं.

जेवढं सांडलं तेवढं त्याच जातीचं कूलंट भरा. रंग सारखा म्हणजे जात सारखी असं नसतं, मॅन्युअल पाहा. घट्ट द्रावण असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धंअर्धं मिसळा. नळाचं आणि विशेषतः बोअरचं पाणी अजिबात नको, त्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जमतो. रेडिएटरची टोपी उघडी ठेवून, हीटर फुल्ल गरमवर लावून गाडी आयडलिंगला सुरू ठेवा. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो थोडा सैल करा आणि बुडबुड्यांशिवाय सलग धार आली की आवळा. वरचा होज मधूनमधून दाबा. बुडबुडे येत राहतील, पातळी खाली जाईल, तशी भरत राहा. इंजिन तापू लागलं आणि कूलंट तोंडाशी चढायला लागलं की टोपी लावा. त्यानंतर गाडी गार होईपर्यंत ती उघडायची नाही.

आता स्कॅनरकडे लक्ष द्या. आकडा सावकाश, उड्या न मारता चढला पाहिजे. ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान थर्मोस्टॅट उघडतो आणि रेडिएटरचा होज अचानक गरम लागतो. ९५ च्या आसपास पंखा लागतो आणि आकडा उतरू लागतो. हीटरची हवा चांगली गरम यायला हवी. इंजिन तापलेलं आणि हीटर गार, म्हणजे आत अजून हवा आहे. आकडा १०५ च्या पुढे जाऊ लागला तर इंजिन बंद करून गार होऊ द्या.

जुना कोड असेल तर पुसा आणि दहा-पंधरा किलोमीटर फिरून या. परतल्यावर सेन्सरच्या बुडाशी कोरडा कागद फिरवून ओल आहे का पाहा.

सांडलेलं कूलंट अंगणात तसंच सोडू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जहरी असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. जागा भरपूर पाण्याने धुवा. ट्रेमधलं बंद बाटलीत भरून, वर नाव लिहून मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा आणि पुढच्या सर्व्हिसिंगला गॅरेजमध्ये द्या.

शेवटची तपासणी दुसऱ्या पहाटे. गार इंजिनावर टाकीतली पातळी पाहायची, रात्रीतून ती थोडी उतरलेली असते, तेवढी भरायची. मग किल्ली ऑन आणि तेच दोन आकडे. भावाने ते मला फोनवर वाचून दाखवले: हवा १०, कूलंट ११. मागून सेलचा आवाज आला, अर्धा सेकंद, आणि इंजिन सुरू झालं.